मालूम असून लिहिलेली ओळ

"चूक कोनाची हाय, ते पयले पाहू."

हे वाक्य म्हणायच्या आधी आमचे सर चष्मा काढायचे, शर्टाचं टोक पँटमधून ओढून बाहेर घ्यायचे, काचा पुसायचे, टोक पुन्हा नीट आत खोचायचे आणि मगच तोंड उघडायचे. तोवर टेबलावरचा फोन वाजून वाजून बंद पडलेला असायचा. फोनच्या पलीकडे अकोटचा एखादा जिनिंगवाला असे, धामणगावचा दालमिलवाला असे, नाहीतर कुठल्यातरी पतसंस्थेचा मॅनेजर. चूक कोणाची, याच्याशी त्या माणसाला काडीचं देणंघेणं नसे. त्याला त्याची मेल हवी असे. आणि त्याची बोलणी खायला कोण? तर मी.

तुम्ही कुठे ना कुठे नोकरी केली असेल, तर असा एक माणूस तुमच्याही वाट्याला आला असेल. बरोबर असणारा माणूस. चुकणारा माणूस परवडतो हो. त्याला रागावता येतं, तो ओशाळतो, चहा पाजतो, विषय संपतो. कायम बरोबर असणाऱ्याचं काय करायचं? त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसून मी कित्येक वर्षं काढली आणि त्यातली निम्मी दात-ओठ खात काढली.

आमचं ऑफिस अकोल्यात, जठारपेठेत, एका कपड्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. मी तिथे ग्राहकांचे फोन घ्यायची. जुन्या शहरातून सायकलवर यायची, पुढे स्कूटी घेतली. ते रोज अमरावतीहून अपडाऊन करायचे. त्यांनी एकट्यानं, कित्येक वर्षं खपून, मेल पाठवायचा आणि घ्यायचा एक अख्खा प्रोग्राम लिहिला होता. त्याचं नाव 'आपली डाक'. आमच्या मालकांनी, ज्यांना लहानथोर सगळे भैया म्हणायचे, तो प्रोग्राम आणि हा माणूस दोन्ही एकदमच ऑफिसात आणले. वऱ्हाडातल्या पाच-पन्नास लहान धंद्यांची मेल 'आपली डाक'वर चालायची आणि त्यावरच आमचे पगार निघायचे.

त्यांच्या खुर्चीमागे स्पायरल बांधणीच्या कागदांची चळत होती. मेल कशी लिहावी, कशी पाठवावी, पलीकडच्यानं ती कशी उघडावी, याचे जगभर मानलेले नियम त्यात होते. हे नियम कुण्या सरकारचे नाहीत, कुण्या कंपनीचे नाहीत. जगभरच्या जाणकारांनी वाद घालून घालून ते ठरवले आणि कोणीही वाचावेत म्हणून फुकट ठेवून दिले. आमच्या या माणसानं ते अमरावतीला राजकमल चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणले होते आणि घरातल्या पोथीसारखे जपले होते.

"ताई, हे लय मोठी गोष्ट हाय," ते मला सांगायचे. वयानं मी त्यांच्या मुलीएवढी, पण ऑफिसातल्या प्रत्येक बाईला ते ताई म्हणायचे आणि 'तुमी' म्हणायचे. "अकोटच्या मानसानं पाठवलेलं जपानातल्या मानसाले काहून समजते? दोघाईनं एकच नियम वाचला म्हनून. मधात कोनी शेठ नाई. कोनाले इचाराची गरज नाई. डाक कोनाच्या बापाची नाई."

त्यांनी मला एकदा हातानं मेल पाठवायला शिकवली. म्हणजे काळ्या पडद्यावर एकेक ओळ टाइप करून, पलीकडच्या मशीनशी थेट बोलून. पहिल्यांदा नमस्कार करायचा. मशीन नमस्कार परत करतं. मग मी कोणाकडून आले ते सांगायचं, कोणासाठी ते सांगायचं, आणि मगच मजकूर. मी नमस्कार न करताच थेट कामाचं लिहिलं, तर मशीननं मला हटकलं. ते इतके खूश झाले की टेबलावर थाप मारली. "पाह्यलं? ओळख ना पाळख, नमस्कार नाई न् सुरूच! आपल्याकडचे पाव्हने बी एवढे नियमाचे नाईत." मला ते दोघे, माणूस आणि मशीन, सारखेच वाटले. पण मनात कुठंतरी गंमतही वाटली, हे खोटं कशाला बोलू?

नियमांचं वेड फक्त ऑफिसपुरतं असतं तर एक वेळ चाललं असतं. मी एकदा त्यांच्यासोबत बडनेऱ्यापर्यंत गाडीनं गेले. अपडाऊनवाले सगळे पासधारक स्लीपरच्या डब्यात ऐसपैस बसतात, हे साऱ्या गाडीला ठाऊक आहे, टीसीलाही. ते मात्र जनरलच्या दारात, दोन पोत्यांच्या मध्ये, एका पायावर उभे. फलाटावरून टीसीनंच हाक मारली, "या ना काका, जागा हाय इकडं." ते नुसतेच मान हलवत राहिले. मी म्हटलं, "सर, टीसी सोता म्हनून रायला ना!" तर म्हणाले, "टीसी म्हनते म्हनून पास बदलते काय?" मीही मग उभी राहिले. मूर्तिजापूरपर्यंत माझे पाय भरून आले होते आणि त्यांच्याशी बोलायची इच्छा संपली होती.

पण एक गोष्ट त्यांच्यात होती, ती सांगायलाच हवी. नियम ते स्वतःसाठी ठेवायचे. दुसऱ्याची मेल कशीही वाकडीतिकडी आली, अर्धवट आली, तरी त्यांचा प्रोग्राम ती समजून घ्यायचा, नीट उघडून दाखवायचा. "दुसऱ्याचं कसंबी येवो, आपन समजून घ्याचं. आपलं मात्र नीटच पाठवाचं." हे ऐकायला फार छान वाटतं. याच चांगुलपणानं पुढे आमचा घात केला.

आता ती मोठी कंपनी. नाव कशाला घेऊ? तुमच्या ऑफिसातल्या संगणकावरही बहुधा तिचीच मेल असेल. अकोल्यातली मोठी हॉस्पिटलं, बँका, सरकारी कचेऱ्या, सगळीकडे तीच. गोष्ट साधी होती. मेलला जोडलेल्या फाइलचं नाव इंग्रजीत असलं तर काही अडत नाही. मराठीत असलं तर ते तसंच्या तसं जात नाही, ठरावीक पद्धतीनं गुंडाळून पाठवावं लागतं आणि पलीकडच्यानं त्याच पद्धतीनं सोडवावं लागतं. ती पद्धत नियमात लिहिलेली. आपल्या डाकेला ती यायची, फुकटच्या लहान लहान प्रोग्रामांनाही यायची. फक्त मोठ्या कंपनीच्या प्रोग्रामला यायची नाही. तिनं स्वतःचीच भलती गुंडाळी काढली होती, जी करू नये असं नियमात चक्क लिहून ठेवलेलं. आपल्याकडून गेलेली मराठी नावाची फाइल तिच्याकडे पोचली की नाव गायब, त्या जागी इंग्रजीत 'शीर्षक नाही' आणि पुढे कसलंसं न उघडणारं शेपूट.

आणि तिकडून आपल्याकडे आलेल्या फायली? त्या एकदम झकास दिसायच्या. कारण आमच्या या भल्या माणसानं तिची चुकीची गुंडाळीही सोडवायची सोय करून ठेवली होती. मग ग्राहक काय म्हणणार? "मॅडम, त्याईचं सगळं येते इकडं बरोबर. तुमचंच जात नाई." मी काय उत्तर देणार होते? त्यांची चूक आम्ही झाकतो म्हणून तुम्हाला ते शहाणे वाटतात, हे फोनवर कोणाला समजावून सांगता येतं का? मी एकदा सांगून पाहिलं. पलीकडचा म्हणाला, "ते मोठी कंपनी हाय मॅडम, ते कशी चुकन?"

सगळ्यात जास्त फोन अकोटच्या वैशाली मॅडमचे यायचे. त्यांची रक्त-लघवी तपासायची लॅब होती आणि त्यांचे रिपोर्ट अकोल्याच्या एका मोठ्या हॉस्पिटलात जायचे. रिपोर्टच्या फाइलला नाव द्यायची त्यांची पद्धत मोठी नामी होती. एकेका गावात तीन-तीन शांताबाई, चार-चार महादेवराव, त्यामुळे नुसत्या नावानं भागत नसे. म्हणून त्या लिहायच्या, 'शांताबाई लहान, रुईखेड, उपाशी'. 'शांताबाई लहान, रुईखेड, जेवून'. 'महादेवराव, शाळेजवळचे, उपाशी'. साखरेची तपासणी जेवणाआधीची की नंतरची, ते फाइल न उघडताच कळावं म्हणून. हॉस्पिटलातल्या नर्सेसनाही ती पद्धत आवडायची, म्हणजे नावं दिसायची तेव्हा.

"तुमी इंग्रजीत लिहून पाहा ना मॅडम," मी एकदा सुचवलं.

"काहून लिहू?" त्या उसळल्या. "पेशंट मराठी, मी मराठी, काउंटरवरची पोरगी मराठी. तुमच्या मशीनसाठी मी शांताबाईचं पुन्ना बारसं करू काय?"

हे मी सरांना जाऊन सांगितलं. चष्मा निघाला, शर्टाचं टोक बाहेर आलं. "बरोबर म्हनतात त्या," ते म्हणाले. "चूक ना त्याईची हाय, ना आपली हाय." आणि परत कामाला लागले. मला वाटलं, टेबलावरचा पेपरवेट उचलून खिडकीतून फेकून द्यावा.

त्यांनी काही केलंच नाही असं नाही. मोठ्या कंपनीला ते तक्रारी लिहायचे. नियमाचं कलम, चुकीचा नमुना, बरोबर नमुना, सगळं जोडून, अत्यंत नम्र इंग्रजीत. उत्तर यायचं की तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे. त्यांना पहिल्यांदा ते खरंच वाटलं होतं. पुढे एकदा तिच्या मदतकेंद्राशी फोनवर बोलायचा योग आला. पलीकडच्या मुलानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "सर, संगणक एकदा बंद करून चालू केला का?" आमचा माणूस खरंच उठला, संगणक बंद केला, चालू केला आणि म्हणाला, "केला. आता तुमचा करून पाहा." एवढी एकच वेळ मी त्यांना टोमणा मारताना ऐकलं.

मग ते शांताबाईचं झालं.

रुईखेडच्या शांताबाई लहान. 'लहान' म्हणजे गावातल्या दुसऱ्या शांताबाईपेक्षा लहान, बाकी वय सत्तरीपुढचं. ऑपरेशनच्या आधीची तपासणी अकोटला झाली, दोन्ही रिपोर्ट वैशाली मॅडमनी पाठवले. हॉस्पिटलात पोचल्या दोन बिननावाच्या, न उघडणाऱ्या फायली. तिथल्या माणसानं लॅबला फोन करायचे कष्ट घेतले नाहीत. त्यानं सांगितलं, रिपोर्ट आलेच नाहीत, इथंच पुन्हा रक्त द्या, उद्या सकाळी उपाशी पोटी. म्हातारी दुसऱ्या दिवशी पुन्हा उपाशी, पुन्हा एसटीनं, आणि हॉस्पिटलच्या रांगेत उभी असता चक्कर येऊन पडली. हातावर पडली, मनगट मोडलं. मूळ ऑपरेशन राहिलं बाजूला, आधी हात बांधावा लागला.

वैशाली मॅडम त्या दिवशी फोनवर ओरडल्या नाहीत. मला ओरडणं चाललं असतं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "हॉस्पिटलवाल्यांनी सांगतलं मॅडम, पुढच्या महिन्यापासून फायलीवर नाव दिसलं नाई, तर दुसरी लॅब पाहू. मंग मले बी दुसरी मेल पाहा लागन. तुमचा राग नाई."

भैयांनी आम्हा दोघांनाही आत बोलावलं. भैया वाईट माणूस नव्हते. त्यांनाही डाकेचा अभिमान होता, पाव्हण्यारावळ्यांत ते सांगायचे, 'आपल्या अकोल्यात बनलेली चीज हाय.' पण अकोटची लॅब गेली की तिच्या मागोमाग कोण कोण जाईल, ते त्यांना दिसत होतं.

"सीधी बात हाय सर," भैया म्हणाले. "ते मोठी कंपनी जशी लिहते, तसं आपन लिहू. नाईतर डाक बंद करू न् सगळ्याईले त्याच कंपनीची मेल लावून देऊ. मले दोन्ही चालते. तुमी सांगा."

"ते चुकीचं लिहतात, भैया."

"हाव, चुकीचं. पन सगळे तेच वाचतात ना!"

"मंग आपन बी चुकीचं लिहाचं?" त्यांचा आवाज चढला नाही, पण हात चष्म्याकडे गेला आणि तिथेच राहिला. "आज आपन त्याईच्यासारखं लिहलं, उद्या दुसरा लिहीन, परवा तिसरा. मंग नियम कोनासाठी हाय? मंग तेच मालक झाले ना डाकेचे!"

मला राहवलं नाही. "सर, शांताबाईचा हात मोडला. तिले तुमचा नियम काय कामाचा? ते म्हातारी दोनदा उपाशी आली. तुमी बरोबर हाय हे तिले जाऊन सांगू काय मी?"

मला वाटलं आता म्हणतील, चूक कोणाची ते पाहू. ते उठले आणि आपल्या टेबलाशी गेले.

तिथे मी गेले तर म्हणाले, "करतो. दुसऱ्या कोनाले हात लावू देऊ नका. माह्या हातानंच करतो."

करायचं होतं ते असं. मेल पाठवताना समोरचा कोणत्या प्रोग्राममध्ये ती उघडणार, हे पाठवणाऱ्याला कळत नाही. म्हणून त्यांनी फाइलवर दोन चिठ्ठ्या लावायचं ठरवलं. एक नियमाप्रमाणे बरोबर, आणि तिच्या शेजारी दुसरी, मोठ्या कंपनीला कळेल अशी चुकीची. ज्याला जी वाचता येईल ती त्यानं वाचावी. सगळी मिळून प्रोग्राममध्ये एकच ओळ वाढली. पण तेवढ्यासाठी ते दोन दिवस बसले. डबा उघडला नाही. मी पालकाची भाजी आणली होती, ती समोर ठेवली, तर म्हणाले, "तुमी जेवजा ताई, माहं होते मंग."

प्रोग्राम लिहिणारे लोक ओळीच्या शेजारी स्वतःसाठी टिपण लिहितात, ती ओळ कशासाठी आहे ते आठवावं म्हणून. त्यांची टिपणं कायम इंग्रजीत असत. या ओळीशेजारी त्यांनी मराठीत लिहिलं, 'ही ओळ चुकीची आहे. मालूम असून लिहिली.' आणि ते मला बोलावून दाखवलं. मी म्हटलं, "सर, इतकं मनाले काहून लावता?" त्यांनी स्क्रीन बंद केली आणि गाडीची वेळ झाली म्हणून निघून गेले.

दुसऱ्या दिवसापासून हॉस्पिटलात शांताबाया आणि महादेवराव उपाशी-जेवून सगळे नावासकट दिसायला लागले. फोन थांबले. वैशाली मॅडमनी अकोटहून संत्र्याची पेटी पाठवली. ऑफिसभर सोललेल्या संत्र्यांचा वास, भैया हसताहेत, खालच्या दुकानातली माणसंही वर येऊन खाऊन गेली. सरांनी एकही फोड तोंडात घातली नाही. मला तेव्हा त्यांचा भयंकर राग आला. सगळं सुरळीत चाललंय, तर माणसानं एक संत्रं खावं की नाही?

दोनेक वर्षं बरी गेली. आणि मग मोठी कंपनी सुधारली.

हो, खरंच सुधारली. इतकी वर्षं मोलाचं मत ऐकून घेतल्यावर एके दिवशी तिनं आपला प्रोग्राम दुरुस्त केला, नियमातली गुंडाळी तिला सोडवता यायला लागली. त्याची मोठी जाहिरात केली, जणू शोध तिनंच लावला. आणि त्याचबरोबर लोकांच्या सुरक्षेसाठी म्हणून एक पहारेकरी बसवला. ज्या मेलमधल्या फाइलवर दोन वेगवेगळ्या चिठ्ठ्या असतील, ती मेल ठगाची समजून थेट स्पॅममध्ये टाकायची, असं त्याला शिकवलं. खरोखरचे ठग तशी लबाडी करतात म्हणे. आता सांगा, दुसरी चिठ्ठी आम्ही कोणासाठी लावली होती?

वैशाली मॅडमचा फोन आला तेव्हा मी बोलत होते आणि ते शेजारीच ऐकत होते. हॉस्पिटलात काहीच पोचत नाही, एकही रिपोर्ट नाही. मी फोन ठेवला. चष्मा निघाला नाही. शर्टाचं टोक आतच राहिलं.

"चूक आपली हाय," ते म्हणाले.

मी इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली, ते वाक्य हे. आणि ते ऐकून मला रडू कोसळलं. "आपली कशी सर? त्याईच्याच पायी केलं ना आपन! त्याईनं चुकाचं, आपन त्याईच्यासारखं चुकाचं, मंग त्याईनंच आपल्याले चोर म्हनाचं?"

"ओळ कोनं लिहली?" ते म्हणाले आणि ती काढून टाकायला बसले. पाच मिनिटांचं काम होतं.

'आपली डाक' पुन्हा नियमाला धरून चालायला लागली, अगदी पहिल्या दिवशी होती तशी. काय उपयोग? पहारेकऱ्याच्या यादीत आमचं नाव एकदा चोर म्हणून चढलं ते चढलं. ते उतरवायला कंपनीकडे अर्ज करायचा. अर्ज केला की मशीन उत्तर देतं, तपासलं, तुम्ही या सोयीला पात्र नाही. का नाही, ते सांगत नाही. कोणाला विचारायचं, तेही सांगत नाही. सर रोज सकाळी आल्या आल्या अर्ज करायचे. त्यात चिडणं नव्हतं, त्रागा नव्हता, हेच मला बघवत नसे. एकदा मी म्हटलंही, "सर, शिव्या तरी लिहा!" तर म्हणाले, "वाचाले कोन हाय तिकडं?"

दिवाळीच्या आधी भैयांनी डाक बंद केली. सगळ्या ग्राहकांना त्याच मोठ्या कंपनीची मेल लावून द्यायचं काम माझ्याकडे आलं. अकोटची लॅब मी स्वतः जाऊन लावून दिली. मराठी नावं एकदम फक्कड दिसतात तिथे. वैशाली मॅडम म्हणाल्या, "हे आधीच केलं असतं त बरं झालं असतं ना मॅडम?" मी हो म्हटलं. काय म्हणणार?

लोक मला विचारतात, म्हणजे ज्यांना हे सगळं ठाऊक आहे ते चार लोक विचारतात, की तेव्हा ती ओळ लिहायला लावली हे चुकलं का. मी आजही म्हणते, नाही. म्हाताऱ्या बाईला दोनदा उपाशी ठेवून नियम पाळणारा माणूस मला नको. पण ती ओळ लिहायची वेळ ज्यांनी आणली, त्यांना कोणी एका शब्दानं विचारलं नाही, विचारणारही नाही, आणि हे आठवलं की अजूनही माझं डोकं उठतं.

सर मग अमरावतीलाच राहिले. नोकरी धरली नाही. घरी एका जुन्या मशीनवर 'आपली डाक' स्वतःपुरती चालू ठेवली. फोनवरच्या गप्पांच्या ग्रुपांत ते कधी आले नाहीत, "ते एका शेठचं दुकान हाय ताई." मला मात्र दर रविवारी मेल लिहायचे. संत्र्याला यंदा बहार कसा आहे, वडाळी तलावावर कोणते पक्षी आले, नियमांत कुठली नवी दुरुस्ती होऊ घातली आहे. मजकूर लांबलचक आणि शेवटी 'जेवत जा वेळेवर'. तोवर माझ्या ऑफिसची मेलही मोठ्या कंपनीचीच झालेली. त्यामुळे ही सगळी पत्रं पोचायची स्पॅममध्ये. लॉटरी, कर्ज, टकलावरचं तेल, आणि मधोमध ते. मी दर सोमवारी तिथून त्यांना उचलून बाहेर काढायची, 'ही मेल स्पॅम नाही' असं बटण दाबायची. पुढच्या सोमवारी ते पुन्हा तिथेच. हे मी त्यांना कधी कळू दिलं नाही. त्यांना अंदाज असणार, कारण उत्तर सोमवारीच का येतं, असं त्यांनी एकदाही विचारलं नाही.

मागच्या हिवाळ्यात त्यांनी लिहिलं की डोळ्याचं ऑपरेशन आहे, महिनाभर मेल लिहिणार नाही, काळजी करू नका. मी काळजी केली नाही. सोमवारी स्पॅम उघडायचंही सोडून दिलं. महिना उलटला, वर थोडे दिवस गेले, तेव्हा एका सकाळी चहा घेता घेता सहज उघडून पाहिलं.

त्यांच्या पत्त्यावरून एक मेल आलेली होती. लिहिणारी त्यांची मुलगी. बाबांच्या फोनचं कुलूप कोणाला उघडता आलं नाही, म्हणून त्यांच्या मेलमध्ये ज्यांचे पत्ते सापडले त्या सगळ्यांना कळवते आहे, असं तिनं लिहिलं होतं. खाली एक फाइल जोडलेली. तिचं नाव मराठीत होतं आणि अगदी स्वच्छ दिसत होतं, एक काना-मात्रा इकडची तिकडे नाही. 'बाबांची तेरवी, अमरावती'.

वर लाल पट्टीत कंपनीनं मला बजावलं होतं की हा पाठवणारा विश्वासाचा नाही, त्याची फाइल उघडू नका. मी उघडली. तेरवी मागच्याच रविवारी होऊन गेली होती.